समस्येचा प्रकल्प होताना

समस्या सांगताना काय बिघडले आहे ते सांगितले जाते. प्रकल्प मांडताना काम संपल्यावर काय दिसेल ते सांगावे लागते. ‘गच्ची गळते’ ही समस्या. ‘गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवले तरी खालच्या मजल्याच्या छताला ओल येत नाही’ हे प्रकल्पाचे वाक्य. पहिले वाक्य कितीही वेळा म्हणता येते आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये ते दरवर्षी म्हटलेही जाते. इतिवृत्तात ‘गळतीबाबत चर्चा झाली’ अशी नोंद होते, आणि पुढच्या जूनमध्ये जिन्यात पुन्हा बादल्या लागतात. दुसऱ्या वाक्यावर मात्र नुसती चर्चा करून भागत नाही. पाणी साठवून पाहिले, तर ओल आली की नाही आली, एवढेच त्याचे उत्तर असते.

प्रकल्प म्हटले की धरण, पूल किंवा कारखाना डोळ्यांसमोर येतो. पण कामाच्या नियोजनात त्याचा अर्थ बराच साधा आहे. अमेरिकी सल्लागार डेव्हिड ॲलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या २००१ साली निघालेल्या पुस्तकाने हा अर्थ रूढ केला. जे फलित गाठायला एकाहून अधिक कृती लागतात तो प्रकल्प, मग ते काम मुलीच्या शाळाप्रवेशाचे असो की जुनी दुचाकी विकण्याचे. या व्याख्येने मोजायला बसले तर सामान्य गृहस्थाच्या डोक्यावर एका वेळी पन्नासेक प्रकल्प सहज निघतात. त्यातले बहुतेक त्याने प्रकल्प म्हणून कधी पाहिलेलेच नसतात. ते कटकट, राहिलेले काम किंवा ‘बघू या’ या रूपात पडून असतात. त्यांना प्रकल्पाचे रूप यायला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: काम संपले असे कशावरून म्हणायचे, पहिली प्रत्यक्ष कृती कोणती, आणि ती कोण करणार. तिन्ही गोष्टी ऐकायला किरकोळ वाटतात. बहुतेक कामे मात्र यांपैकीच एखादी ठरलेली नसल्यामुळे अडतात.

यातली पहिली गोष्ट सर्वांत अवघड. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी उदाहरणे कशी सोडवावीत यावर १९४५ साली एक पुस्तक लिहिले. त्यात ते विद्यार्थ्याला सर्वांत आधी विचारतात की शोधायचे काय आहे. गणितात हे निदान प्रश्नातच लिहिलेले असते. व्यवहारात ते बाहेरून कोणी देत नाही, आणि अडलेल्या माणसाला बऱ्याचदा नको काय तेच माहीत असते, हवे काय ते नसते. वडील वारले, शेतजमीन त्यांच्याच नावावर राहिली, आणि घरात ‘जमिनीचे काम अडकले आहे’ असे दहा वर्षे म्हटले जाते. हे काम म्हणजे नेमके कोणते? सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची, भावांमध्ये वाटप करायचे, की जमीन विकायची? ही तीन वेगळी कामे आहेत. त्यांचे कागद, कार्यालये आणि भांडणे, सगळेच वेगळे. तिघा भावांनी मनात तीन वेगवेगळे शेवट धरलेले असतील तर दर वेळी बैठक कुठल्याही टप्प्यावर मोडते, आणि ती का मोडली हे कोणालाच नीट सांगता येत नाही. ‘सातबाऱ्यावर आई, तीन भाऊ आणि बहीण यांची वारस म्हणून नोंद झाली आहे’ एवढे एक वाक्य सर्वांनी मान्य केले की वाटणीचा वाद बाजूला ठेवूनही काम सुरू होऊ शकते. मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती जोडून अर्ज द्यायचा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ क या वारस नोंदवहीत प्रकरण घेतात. नंतर फेरफार पडतो, नोटिशीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मार्ग ठरलेला असतो. त्यावर पाऊल पडत नव्हते, कारण कोणत्या गावाला जायचे ते ठरले नव्हते.

फलित चुकीचे ठरले तर काय होते याचे विसाव्या शतकातले मोठे उदाहरण देवीच्या रोगाचे आहे. भारताने १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि सुमारे तीन वर्षांत ८० टक्के लोकसंख्येला लस टोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट नेमके होते, मोजता येण्याजोगे होते, मुदतही होती. नियोजनाच्या पुस्तकात बसावे असे सारे काही त्यात होते. आकडेही चांगले येऊ लागले, आणि तरी देवी हटेना. लस टोचणाऱ्यांना शाळेतली मुले सहज सापडत, म्हणून त्यांनाच पुन्हापुन्हा टोचले जाई. रानातल्या झोपड्या, फिरस्त्या टोळ्या, शहरांतल्या दाट वस्त्या सुटत. टोचलेल्यांची संख्या वाढत होती, पण ती कामाची मोजणी होती, रोगाची नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ पासून दहा वर्षांत जगातून देवी घालवण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा तीसहून अधिक देशांत हा रोग ठाण मांडून होता. जिनिव्हात मोहिमेची सूत्रे डोनाल्ड हेंडरसन यांच्याकडे होती. उद्दिष्ट बदलले ते इथे. ‘इतक्यांना लस’ या जागी ‘रुग्ण शून्य’ आले. बदल कागदावर दोन शब्दांचा असला तरी त्याने रोजचे काम उलटेपालटे झाले. शून्य रुग्ण हे फलित मानले की पहिला प्रश्न उरतो तो आज रुग्ण कुठे आहेत हा, आणि लस त्यानंतर येते.

नायजेरियाच्या पूर्व भागात विल्यम फेगी या अमेरिकी डॉक्टरने १९६६ च्या डिसेंबरात हे टंचाईपायी करून पाहिले होते. साथ उद्भवली आणि सर्वांना पुरेल इतकी लस हाताशी नव्हती. त्याने परिसरातल्या मिशनऱ्यांच्या रेडिओ संचांवरून कोणत्या गावात रुग्ण आहेत ते विचारून घेतले, आणि लस त्या गावांभोवती व संसर्ग पुढे जिथे जाण्याचा संभव होता तिथे खर्च केली. लोकसंख्येच्या लहान भागालाच लस मिळाली, आणि तरी साथ थांबली. रोगाचा स्वभावही या युक्तीला साथ देणारा होता. देवी माणसावाचून दुसऱ्या प्राण्यात राहत नाही. पुरळ चेहऱ्यावर उठते, त्यामुळे रुग्ण लपत नाही. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण बारा दिवस जातात, आणि संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचलेली लसही उपयोगी पडते. थोडक्यात, रुग्ण शोधायला आणि त्याच्याभोवती कुंपण घालायला वेळ मिळतो.

भारतात १९७३ च्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेश या राज्यांत घरोघरी शोध सुरू झाला. आरोग्य कर्मचारी ठरल्या आठवड्यात गावोगाव जात. त्यांच्या हातात देवी झालेल्या बालकाचे छायाचित्र असलेले कार्ड असे, आणि प्रश्न एकच: असे कोणी पाहिले आहे का? पहिल्याच फेरीत सरकारी नोंदींत नसलेले हजारो रुग्ण निघाले. मोहीम सुरू केल्यावर रोग वाढल्यासारखा दिसला, ही प्रशासनाला अवघड जाणारी गोष्ट होती. खरे तर वाढली होती ती माहिती. फलित खरे मांडले की पहिला आकडा बहुधा वाईट येतो, आणि तो पचवण्याची तयारी नसलेले अधिकारी जुन्या सोयीच्या मोजणीकडे वळतात. १९७४ साली भारतात १ लाख ८० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बिहारमध्ये परिस्थिती इतकी बिकट झाली की पुन्हा सरसकट लसीकरणाकडे जाण्याचा आग्रह धरला गेला. तो मानला गेला नाही.

या मोहिमेचे खरे कसब फलिताची व्याख्या शेवटच्या गावापर्यंत नेण्यात होते. उद्रेक ‘संपला’ असे कोण, केव्हा म्हणणार याचा नियम होता. शेवटच्या रुग्णानंतर आधी चार आणि पुढे सहा आठवडे नवा रुग्ण सापडला नाही, तरच ते गाव प्रलंबित यादीतून निघे. रुग्णाच्या घरावर रात्रंदिवस पहारेकरी बसवले जात. शोधपथक खरोखर गावात आले होते का, हे दुसरी माणसे काही गावांत जाऊन विचारून येत. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होते. ते पन्नास रुपयांवरून शंभरावर आणि १९७५ च्या जुलैत हजारावर गेले. देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा, अशा अर्थाचा मजकूर महाराष्ट्रातल्या भिंतींवरही अनेक वर्षे वाचायला मिळे. रुग्ण जितके कमी, तितके बक्षीस मोठे, हे गणितही फलिताशी जुळणारे होते. शेवटी शेवटी एक रुग्ण सापडणे हे हजारोंना लस टोचण्यापेक्षा मोलाचे होते. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला. तरीही देश देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७७ च्या एप्रिलमध्ये दिला. मधली सुमारे दोन वर्षे शोध चालूच होता, कारण रुग्ण दिसत नाही आणि रुग्ण नाही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जगातला नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण सोमालियात ऑक्टोबर १९७७ मध्ये आढळला, आणि रोग संपल्याची घोषणा १९८० च्या मे महिन्यात झाली.

केलेले काम आणि मिळालेले फलित यांतली हीच गल्लत महाराष्ट्राने शौचालयांच्या बाबतीत पाहिली. नव्वदच्या दशकात अनुदान देऊन खेडोपाडी शौचालये बांधली गेली. बांधकामे झाली, हिशेब लागला, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांत सरपण, कडबा नाहीतर अडगळ भरली गेली. पुढे संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आले आणि निर्मल ग्राम पुरस्कार सुरू झाला, तेव्हा मोजण्याचे एकक बदलले. शौचालयांची संख्या मागे पडून गाव हागणदारीमुक्त आहे की नाही हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर पहाटे गावाच्या वेशीवर उभे राहिले की मिळते. गुड मॉर्निंग पथके निघाली ती त्यासाठीच. त्यांच्या काही पद्धती लोकांना लाजवणाऱ्या होत्या आणि त्यांवर टीका झाली, ती रास्तही होती. पण ती पथके संडासाच्या विटा मोजत नव्हती, हे मान्य करावे लागते.

फलित ठरले तरी काम हलेलच असे नाही. त्यासाठी दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे पुढची कृती. ॲलन यांच्या मांडणीत ही कृती शारीरिक आणि डोळ्यांना दिसेल अशी असावी लागते. ‘गच्चीचे बघणे’ ही कृती नव्हे. ‘वॉटरप्रूफिंग करणाऱ्या तीन जणांना गच्ची पाहायला बोलावण्यासाठी फोन करणे’ ही कृती. फोन नंबर हाताशी नसतील तर खरी पुढची कृती त्याही आधीची असते: शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरींना त्यांचे काम कोणी केले ते विचारणे. कामांच्या यादीतली जी ओळ आठवडेन्आठवडे तशीच राहते, तिच्यामागे माणसाचा आळस क्वचित असतो. पुष्कळदा त्या ओळीत तीन-चार कृती दडलेल्या असतात, आणि वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी त्या नव्याने उकलाव्या लागतात. थकलेल्या संध्याकाळी ते कोणी करत नाही. वारस नोंदीच्या उदाहरणात ‘तलाठी कार्यालय’ अशी ओळ लिहिली तर ती लांबते. ‘मृत्यू दाखल्याच्या दोन प्रती काढणे’ असे लिहिले तर ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उरकते.

अपुरी कामे मनात घोळत राहतात, यामागचे कारण मानसशास्त्राने बऱ्याच आधीपासून शोधले आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या बर्लिनमधल्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात असे दिसले. पुढच्या संशोधकांना स्मरणाबाबतचा हा निष्कर्ष दर वेळी तसाच मिळाला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये. नियोजनाच्या दृष्टीने अधिक उपयोगी काम मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचे आहे. त्यांनी २०११ साली दाखवले की अपुरे ध्येय दुसरे काही करत असताना मनात घुसत राहते, पण ते केव्हा, कुठे, कसे करायचे याची नेमकी योजना केली की हे घुसणे थांबते. काम तेव्हाही अपुरेच असते. मनाला काम संपायला हवे असते असे नाही. ते कुठेतरी मार्गी लागले आहे एवढे पुरते. पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक झाले की तमुक करीन’ या धर्तीच्या संकल्पांचा अभ्यास केला. नुसता हेतू बाळगणाऱ्यांपेक्षा असा प्रसंग बांधून घेणारे लोक काम अधिक वेळा तडीस नेतात, असे त्यांना आढळले. ‘व्यायाम करीन’ यापेक्षा ‘मुलाला बसमध्ये बसवले की तिथूनच टेकडीवर जाईन’ हे टिकते, कारण पुढची कृती आठवून द्यायला बस येतेच.

तिसरी गोष्ट जबाबदार माणसाची. एकट्याच्या कामात ती आपोआप ठरलेली असते. चार माणसे आली की ती ठरवावी लागते, आणि सभ्यतेपोटी ती ठरवायची राहून जाते. ‘कमिटीने पाहावे’ असा ठराव झाला की कमिटीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. मोठ्या कामांत तर यावरच सगळे ठरते. कोकणातून रेल्वे हवी ही मागणी पिढ्यान्पिढ्यांची होती. दिव्यापासून निघालेला मार्ग १९६६ मध्ये आपट्यापर्यंत आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोचला. या गतीने मंगळुरू गाठायला एक शतक पुरले नसते. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांसारख्या नेत्यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला होता. १९८९ च्या अखेरीस केंद्रात सरकार बदलले, फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, आणि १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून दरवर्षी तुकडा मागण्याऐवजी स्वतंत्र कंपनी उभी राहिली. तिच्या भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला. उरलेला पैसा बाजारातून रोख्यांनी उभा करायचा होता. ई. श्रीधरन अध्यक्ष झाले. मागणी तीच होती, डोंगर आणि नद्याही त्याच होत्या. बदलले ते एवढेच की काम कोणाचे, पैसा कुठला आणि मुदत किती, या तीन प्रश्नांना उत्तरे मिळाली.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला गेला: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी. प्रत्येकी सुमारे शंभर किलोमीटर आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. ७४० किलोमीटर लोहमार्ग कोणाच्याही टेबलावर मावत नाही. शंभर किलोमीटर मावतो. भूसंपादन, बोगदे, पूल ही कामे सातही ठिकाणी एकाच वेळी चालू झाली, आणि मार्गाची दोन्ही टोके, दक्षिणेला ठोकूर–उडुपी व उत्तरेला रोहा–वीर, १९९३ मध्येच वाहतुकीला खुली झाली.

सगळे तुकडे सारख्या महत्त्वाचे नसतात, हेही याच मार्गाने दाखवले. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी असते, तीच संपूर्ण प्रकल्पाची तारीख ठरवते. तिच्याबाहेरच्या कामात कितीही घाई केली तरी शेवट अलीकडे येत नाही. ड्युपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये या विचारातून आलेखांच्या पद्धती तयार झाल्या. त्यांना आता क्रिटिकल पाथ आणि पर्ट या नावांनी अभियांत्रिकीचे विद्यार्थी ओळखतात. कोकण रेल्वेवर साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल लोकांच्या नजरेत भरले, पण मार्ग अडवून धरला तो गोव्यातल्या भुसभुशीत, पाण्याने भिजलेल्या मातीने. पेडण्याचा बोगदा पुन्हापुन्हा ढासळत राहिला. बाकीचा मार्ग तयार होऊनही सलग गाडी १९९८ च्या जानेवारीतच धावू शकली. गोव्यातल्या मार्गाच्या आखणीवरून आंदोलन आणि त्यावर नेमलेला चौकशी आयोग यांत गेलेला वेळ वेगळाच. पाच वर्षांची मुदत सातांवर गेली. भारतीय रेल्वेच्या इतिहासात ही चूक क्षम्य मानावी लागेल.

प्रकल्प एकदा मांडला की तो मांडलेल्या जागी राहत नाही. कृती होतात, परिस्थिती बदलते, आणि ‘पुढची कृती’ जुनी होते. म्हणून ॲलन आठवड्यातून एकदा सगळ्या प्रकल्पांवरून नजर फिरवायला सांगतात. प्रत्येकाला निदान एक जिवंत पुढची कृती आहे का, कोणाच्या उत्तराची वाट पाहणे चालले आहे, आणि कोणता प्रकल्प आता नकोच आहे, हे पाहायचे. यातले शेवटचे सर्वांत दुर्लक्षित. वर्षभर न हललेला प्रकल्प बहुधा कोणालाच नको असतो. तो ‘कधीतरी’ या वेगळ्या यादीत गेला तर चालू यादी खरी राहते. संस्थांमध्ये हे जड जाते, कारण प्रकल्प बंद करणे म्हणजे अपयश मानले जाते आणि म्हणून तो वर्षानुवर्षे अहवालात ‘प्रगतिपथावर’ राहतो.

सगळ्याच समस्यांना हे रूप देता येत नाही. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ साली नगरनियोजनाच्या संदर्भात अशा प्रश्नांचे वर्णन केले की ज्यांची मांडणी करतानाच मतभेद होतात आणि ज्यांना थांबण्याची खूणच नसते. शहरातली झोपडपट्टी हा घरांचा प्रश्न आहे, रोजगाराचा, जमिनीच्या किमतींचा की खेड्यातल्या शेतीचा? ज्या व्याख्येने सुरुवात करावी त्या व्याख्येचेच उत्तर मिळते. अशा प्रश्नाला ‘झोपडपट्टीमुक्त शहर’ असे फलित चिकटवले तर पुष्कळदा वस्तीच हलवली जाते आणि प्रश्न हद्दीबाहेर जातो. काही समस्यांना शेवटच नसतो. स्वयंपाकघर स्वच्छ ठेवणे, पिण्याचे पाणी निर्धोक ठेवणे, हागणदारीमुक्त झालेले गाव तसेच ठेवणे, ही कामे प्रकल्पाच्या भाषेत मांडली की पुरस्कार मिळताच संपल्यासारखी वाटतात. पुरस्कार घेतलेली कित्येक गावे पुढे जुन्या सवयींकडे वळली ती यामुळेच. अशा कामांना शेवटाऐवजी पातळी ठरवावी लागते, आणि ती खाली गेल्यावर कोण हालचाल करील ते.

मलेरियाने हा फरक भारताला महागात शिकवला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे आठ लाख मृत्युमुखी पडत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये डीडीटीच्या फवारणीचा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. यश इतके मोठे आले की १९५८ मध्ये तोच निर्मूलन कार्यक्रम झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. मग ती फिरली. डासांना डीडीटी पचू लागले, परोपजीवीला औषध, फवारणीचा पुरवठा तुटू लागला, आणि रोग संपत आल्याच्या समजुतीने गावपातळीवरची देखरेख ढिली पडली. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. देवीसारखा हा रोग चेहऱ्यावर दिसत नाही, डासांवाटे पसरतो, आणि लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तातही दडून राहतो. ‘रुग्ण शून्य’ हे वाक्य तेच असले तरी ते गाठण्याची साधने त्या वेळी हातात नव्हती.

१९७७ मध्ये कार्यक्रमाची सुधारित योजना आली आणि तिने फलित खाली आणले. मृत्यू रोखणे, आजाराचे प्रमाण कमी करणे, आणि जे मिळवले आहे ते राखणे एवढेच उद्दिष्ट राहिले. निर्मूलनाचा शब्द चार दशकांनंतर, २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात परतला. या वेळी मुदत २०३० ची आहे, पण सर्व राज्यांना एकच फलित लावलेले नाही. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती रुग्ण, या प्रमाणावर राज्यांचे गट पाडले आहेत. जिथे प्रमाण एकाहून कमी तिथे प्रत्येक रुग्णाचा माग काढणे, आणि जिथे जास्त तिथे आधी ते एकाखाली आणणे, असे टप्पे आहेत. संपूर्ण देशाला मलेरियामुक्त म्हणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना सलग तीन वर्षे देशांतर्गत संसर्गाचा एकही रुग्ण नसल्याचा पुरावा मागते.